कूलिंग पॅड घेण्याआधी

मंडळी, एप्रिल उजाडला की एक प्रश्न हमखास येतो. "लॅपटॉप फार तापतोय रे, कुठला कूलिंग पॅड घेऊ?" विचारणारे सोमवार ते गुरुवार अंधेरी-गोरेगावच्या एसी हापिसात बसलेले असतात. शुक्रवारी घरून काम, म्हणून गुरुवारी रात्री डहाणू लोकल पकडायची आणि विकांत घरी काढायचा. कुणाचं घर बोर्डीला, कुणाचं घोलवडला, कुणाचं तलासरीला. हापिसात गुमान चालणारं यंत्र घरी आलं की विमानासारखं घोंघावू लागतं आणि मग पॅडची आठवण होते.

माझं उत्तर ठरलेलं आहे: घेऊ नकोस. निदान आत्ता तरी नको. हे ऐकून लोकांना राग येतो. त्यांना पॅडचं नाव हवं असतं आणि मी प्रवचन सुरू करतो. तर आज ते प्रवचन एकदाच आणि सविस्तर.

पहिली गोष्ट म्हणजे 'कूलिंग पॅड' हे नावच खोटं आहे. फ्रीज थंड करतो, एसी थंड करतो. पॅडमध्ये दोन-चार पंखे असतात, वर जाळी असते आणि विनाकारण निळे दिवे असतात. पंखा खोलीतली हवा उचलतो आणि लॅपटॉपच्या बुडावर मारतो. खोलीत ३७ अंश असतील तर ती हवाही ३७ अंशांचीच.

आता तुम्ही म्हणाल, प्रोसेसर ९५ अंशांवर पोचलाय, त्याला ३७ अंशांची हवासुद्धा गारच की! अगदी बरोबर. पण ती हवा प्रोसेसरच्या तांब्याच्या नळीपर्यंत आणि पत्र्यांच्या पंखांपर्यंत पोचली तर ना? थोडं गणित करू, आठवीच्या पुस्तकातलंच आहे. लॅपटॉप ३० वॅट उष्णता टाकतोय आणि आत शिरलेली हवा १० अंशांनी तापून बाहेर पडतेय असं धरा. ही उष्णता वाहून न्यायला सेकंदाला फक्त अडीच लिटर हवा लागते. खोक्यावरच्या भाषेत सांगायचं तर साधारण ५ सीएफएम. पॅडच्या खोक्यावर याच्या कितीतरी पट आकडा छापलेला असतो. म्हणजे हवा कमी कधीच नव्हती. ती आत जात नव्हती. बाटलीच्या तोंडाला बूच असेल तर नळ कितीही मोठा सोडा, पाणी बाहेरच सांडणार.

हे बूच म्हणजे काय? एक तर उशी, गादी किंवा चादर, ज्यावर लॅपटॉप ठेवून आपण काम करतो. दुसरं म्हणजे आतल्या पत्र्यांवर साठलेली धुळीची गोधडी. लॅपटॉप दोन-तीन वर्षं जुना असेल तर ती असणारच. आणि आपल्या भागात ती जरा लवकरच विणली जाते. तलासरी महामार्गावर आहे, दिवसरात्र ट्रक चालतात, धूळ घरात येतेच. डहाणू-बोर्डीला किनारा आहे, हवेत मीठ आणि ओल आहे, आणि अशा हवेत धूळ सैल राहत नाही, चिकटून बसते. अशा लॅपटॉपखाली पॅड लावणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी एक बादली ओतणं. वर ती हवा नवीन धूळ घेऊन येते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट, खोली. डहाणूला हवामान खात्याची वेधशाळा आहे. तिथलं मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. समुद्राची कृपा. पण वेधशाळेचा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत असतो आणि तुमची खोली असते सिमेंटच्या पत्र्याखाली. तलासरीला तर समुद्राचा वाराही नाही. जुन्या कुडाच्या भिंती आणि वर कौलं असलेल्या घरात दुपार निभते. नव्या पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला बसून बघा.

आता लॅपटॉपसोबत आलेलं ते बारीक अक्षरातलं मॅन्युअल काढा. (फेकलं असेलच, म्हणून मीच सांगतो.) ॲपल मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश ही वापराची मर्यादा देते. एचपी आणि डेलच्या कितीतरी मॉडेलांनाही वरची मर्यादा ३५ चीच आहे. ३५! म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या पत्र्याखालच्या प्रत्येक खोलीत उन्हाळ्याची प्रत्येक दुपार 'मर्यादेबाहेर'. वस्तू इथे विकायची, जाहिरातीत शेतात बसलेली मुलगी दाखवायची, आणि आकडा मात्र एसी हापिसाचा. त्यात यंत्र दरवर्षी आणखी पातळ करायचं. पातळ म्हणजे पंखा लहान, पंखा लहान म्हणजे आवाज मोठा आणि उष्णता आत. मग ग्राहकाने हजार-दीड हजाराचा पॅड घेऊन पातळ यंत्र पुन्हा जाड करायचं! च्यायला, याला डिझाइन म्हणायचं?

माझी खरी तक्रार इथे आहे. उष्णता नष्ट होत नाही, ती फक्त दुसरीकडे ढकलता येते. प्रश्न एवढाच की कुणाकडे ढकलायची.

डहाणूकराला हे नव्याने सांगायला नको. खाडीकाठी ५०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे. कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होतो, बाकीचा खाडीच्या पाण्यात आणि चिमणीतून जातो. वीज जाते मुंबईच्या उपनगरांत. म्हणजे अंधेरीच्या ज्या हापिसात तुमचा लॅपटॉप गार राहतो, तिथल्या एसीच्या उष्णतेचा एक हप्ता डहाणूची खाडी भरते. तुमचं हापिस जगातल्या सगळ्यात महागड्या कूलिंग पॅडवर ठेवलेलं आहे आणि तो पॅड तुमच्याच गावात आहे.

पण याच प्रकल्पाची दुसरी बाजूही आहे. केंद्र सरकारने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. या प्राधिकरणाने १९९९ साली प्रकल्पाला धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. ती चालू व्हायला २००७ साल उजाडलं. उशीर झाला, पण यंत्रणा बसली ती चिमणीला. "नाकाला लावायला चांगला रुमाल कुठला?" याची यादी चिकूच्या बागायतदारांना कुणी दिली नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले नेमकी ती रुमालांची यादीच करत बसतो. 'उन्हाळ्यासाठी सर्वोत्तम दहा कूलिंग पॅड.' सवयच आहे आपली. मेमरी कुठे गळतेय ते सापडत नाही? मग रोज रात्री तीनला सर्व्हर रीस्टार्ट करा. लॅपटॉप का तापतोय ते बघायचं नाही, खाली पंखा लावा.

तुम्हाला हजार रुपये म्हणजे एका विकांताचं जेवण. पण घरचा मोठा शिकलेला म्हणून तलासरीतला कॉलेजात जाणारा चुलतभाऊ तुम्हालाच विचारतो. त्याच्या घरातला तो पहिला लॅपटॉप आहे, बहुधा हप्त्यावर घेतलेला. त्याला तुम्ही "पॅड घे" म्हणून वाटेला लावता. तो घेतो. आत धूळ तशीच, उष्णता तशीच, वर्षभरात बॅटरी फुगते, कारण लिथियमच्या बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णताच. त्याला दुसरा लॅपटॉप हापिस देणार नाहीये. तेव्हा सल्ला देताना जरा जपून.

मग करायचं काय? क्रमाने सांगतो.

१. आधी मोजा. तापमान दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर ढिगाने आहेत. काही काम चालू नसताना पंखा घोंघावत असेल तर आधी बघा, मागे कुठला प्रोग्रॅम प्रोसेसर खात बसलाय का. तो नसेल तर दोष आत आहे, हवेत नाही.

२. लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि मागच्या बाजूला खाली बाटलीची दोन झाकणं सरकवा. अर्धा तास काम करून पुन्हा मोजा. आकडा उतरला तर तुमचा कूलिंग पॅड फुकटात झाला, अभिनंदन! :-)

३. उतरला नाही तर साफ करून घ्या. दुरुस्तीवाल्याकडून पंखा आणि पत्रे साफ, जुनी थर्मल पेस्ट काढून नवी. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा, त्यांच्याकडूनच करून घ्या.

४. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक इंटेल लॅपटॉपमध्ये यामुळे टर्बो बंद होतो. कोड लिहिताना फरक कळतही नाही, तापमान मात्र चांगलंच उतरतं.

५. टेबल फॅन लावा. तो लॅपटॉपलाही वारा घालतो आणि तुम्हालाही. पॅड तुम्हाला घामातच ठेवतो.

एवढं करूनही व्हिडिओ रेंडर करताना किंवा तासन् तास बिल्ड चालवताना यंत्र अडखळत असेल, तर खुशाल पॅड घ्या. पण लॅपटॉप उलटा करून बघा. हवा आत घ्यायची भोकं बुडाला आहेत का? मॅकबुक एअरच्या बुडाला एकही नाही, तिथे पॅड फार तर कवच गार करेल. भोकं असतील तर पॅडचा पंखा बरोबर त्यांच्याखाली यायला हवा. कडेला फोमची पट्टी असलेला पॅड बरा, कारण हवा बाजूने न निसटता आत ढकलली जाते. धुता येणारी जाळी हवी. साधा यूएसबी २.० पोर्ट जेमतेम अडीच वॅट देतो, तेव्हा मोठा पंखा असेल तर त्याला वेगळा अडॅप्टर हवा.

आणि 'बर्फासारखा गार' म्हणून मिळणारे पेल्टियर प्लेटवाले पॅड किनाऱ्यावर अजिबात नकोत. मे-जूनमध्ये आपल्या हवेत इतकी वाफ असते की २५ अंशांच्या पृष्ठभागालाही घाम सुटतो. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून भिजतो तसं. तो तांब्या मदरबोर्डखाली ठेवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

आता राहिला चिमणीचा मुद्दा. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही उघडलं. चांगलं आहे, पण दुकानातला ग्राहक बदलला तरच कंपन्या बदलतील. पुढचा लॅपटॉप घेताना, किंवा चुलतभावाला निवडून देताना, जाडी किती मिलिमीटर हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा. बूड साध्या स्क्रूने उघडतं का? पंखा वेगळा विकत मिळतो का? आणि वापराच्या तापमानाची वरची मर्यादा किती? दुकानदाराला तिसऱ्याचं उत्तर येणार नाही. तरी विचारा. शंभर जणांनी विचारलं की तो वर विचारेल. ज्याने यंत्र बनवलं त्यानेच त्याच्या उष्णतेची सोय लावली पाहिजे, आणि तीही आपल्या पत्र्याखालच्या मे महिन्यात.