अंगावर काढलेला खोकला

क्रिकेटपटू युवराज सिंग याचे 'द टेस्ट ऑफ माय लाईफ' हे पुस्तक २०१३ साली इंग्रजीत निघाले. शारदा उग्रा आणि निशांत जीत अरोरा यांच्या साहाय्याने त्याने ते लिहिले. कॅन्सर झाला, उपचार घेतले आणि पुन्हा भारताकडून खेळलो, अशी त्याची हकीकत आहे. घरातली मुले या पुस्तकात षटकार शोधतील. आम्हाला मात्र ते कर्त्या माणसांनी, आणि त्यातही आमच्या भगिनींनी समजून घ्यावेसे वाटते. त्यातला आपल्या उपयोगाचा भाग खेळाचा नाही, खोकल्याचा आहे.

२०११ चा विश्वचषक सर्वांना आठवत असेल. २ एप्रिलला मुंबईत वानखेडेवर अंतिम सामना झाला, भारत जिंकला, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून युवराजची निवड झाली. ३६२ धावा, १५ बळी, चार वेळा सामनावीर. बंगलोरला आयर्लंडविरुद्ध त्याने पाच बळी घेतले आणि अर्धशतकही केले. विश्वचषकाच्या एकाच सामन्यात ही दोन्ही कामे त्यापूर्वी कोणी केली नव्हती. आणि या सगळ्या काळात हा मुलगा खोकत होता. झोप लागत नव्हती, दम लागत होता, थुंकीत लाल दिसत होते. २० मार्चला चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध खेळताना तो मैदानावरच ओकला, आणि तरीही ११३ धावा काढून गेला. पाहणाऱ्यांना वाटले, चेन्नईचे ऊन आहे. त्यालाही तसेच वाटले. विश्वचषकाचे दडपण आहे, जागरण आहे, होईल बरे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे. आजार अंगावर काढणे.

विश्वचषक संपल्यावर तरी तो थांबला का? नाही. लगेच आयपीएल सुरू झाली, तिथे तो पुण्याच्या संघाचा कर्णधार होता. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यातून फुप्फुसाच्या जंतुसंसर्गाचे कारण सांगून त्याने नाव काढून घेतले, पण त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला गेला आणि तिथे बोट मोडून परत आला. नोव्हेंबरात दिल्ली आणि कोलकाता इथले कसोटी सामने खेळला. छातीत गाठ आहे हे कळल्यावरही ती साधी गाठ आहे, कॅन्सरची नाही, असेच आधी सांगितले गेले. २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत केमोथेरपी सुरू झाली आणि फेब्रुवारीत ही बातमी जगाला कळली. म्हणजे मैदानावर ओकल्यापासून पहिल्या औषधापर्यंत दहा महिने गेले. ज्या माणसाच्या मागेपुढे संघाचा डॉक्टर फिरत होता, त्याचे हे दहा महिने आहेत.

मग आमच्या वस्तीतल्या माणसाचे किती जात असतील? त्याला तर दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा पडतो. रोजंदारीवर असला तर त्या दिवसाची चूल अडते. आधी मेडिकलवाल्याकडून खोकल्याची बाटली, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरचे इंजेक्शन, मग गावाकडच्या कोणाचे तरी औषध. घरातल्या बाईची गोष्ट याहून पुढची. छातीला गाठ लागली तरी ती कोणाला सांगायची, या विचारातच तिचे वर्ष जाते. तोंडात पांढरा चट्टा आला, तोंड पुरते उघडेना, तरी मिश्री सुटत नाही आणि आरशात पाहायला सवड होत नाही. दोन आठवड्यांवर राहिलेला खोकला तपासून घ्यावा. तो बहुधा दुसऱ्याच कशाचा निघेल, टीबी असला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषध फुकट आहे. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर तो डॉक्टरांना दाखवावा. अंगावर लागलेली नवी गाठ दुखत नाही म्हणून ती साधी आहे असे समजू नये, कारण कॅन्सरची गाठ सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही.

युवराजला झालेल्या आजाराचे नाव सेमिनोमा. हा कॅन्सर तरुण पुरुषांमध्ये बहुतेक वेळा अंडकोशात होतो. क्वचित दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत होतो, तसा त्याचा होता. तो इंडियानापोलिस शहरात ज्या डॉक्टरांकडे गेला ते लॉरेन्स आइनहॉर्न. या डॉक्टरांची हकीकत सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. १९७४ साली त्यांनी सिसप्लॅटिन नावाचे औषध इतर औषधांच्या जोडीने अंडकोशाच्या कॅन्सरवर वापरून पाहिले. हे औषध प्लॅटिनम धातूपासून बनते. त्याआधी हा कॅन्सर शरीरात पसरला की तो तरुण जगत नसे. त्यानंतर बहुसंख्य तरुण बरे होऊ लागले. पसरलेला कॅन्सर औषधाने पूर्ण बरा होतो हे ज्या थोड्या प्रकारांत ठामपणे दिसले, त्यांपैकी हा एक. कॅन्सर म्हणजे कॅन्सलच, असे जे आपल्याकडे बोलले जाते, त्याला हे उत्तर आहे. अर्थात सर्वच कॅन्सर असे औषधाला दबत नाहीत, हेही खरे.

याच शहरात १९९६ साली लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूवर उपचार झाले होते. त्याचा कॅन्सर फुप्फुसांत आणि मेंदूत पोहोचला होता. सायकल शर्यतीत फुप्फुसे शाबूत राहावीत म्हणून फुप्फुसांना धोका असलेले एक औषध टाळून त्याला वेगळी औषधे दिली गेली. त्याने २००० साली आपले पुस्तक काढले, ते युवराजने आजारपणात वाचले आणि त्याला त्याचा आधार वाटला. पुढे २०१२ साली उत्तेजक द्रव्ये घेतल्याबद्दल आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली, आणि युवराजचे पुस्तक निघण्याच्या थोडेच आधी, जानेवारी २०१३ मध्ये, त्याने दूरचित्रवाणीवर गुन्हा कबूल केला. कोणी विचारील की मग त्या पुस्तकाचा आधार कसला? आमच्या मते त्याच्या शर्यती खोट्या निघाल्या, त्याची केमो खोटी नव्हती. तेवढे घ्यावे आणि बाकीचे सोडून द्यावे.

आता वाचक म्हणतील, युवराज अमेरिकेला गेला, आम्ही कुठे जाणार? प्रश्न रास्त आहे. पण सिसप्लॅटिन हे जुने औषध आहे आणि आपल्याकडेही मिळते. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभे आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यात कॅन्सरचे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन जावे आणि तिथे 'आरोग्यमित्र' कोण ते विचारावे. रांग असते, हेलपाटे पडतात, बाहेरगावच्या माणसाला पदपथावर रात्र काढावी लागते, हे आम्ही नाकारत नाही. पण पैसा नाही म्हणून निदानच करून घ्यायचे नाही, हा हिशेब चुकीचा आहे. उशिरा सापडलेल्या रोगाला पैसा जास्त लागतो.

पुस्तकात त्याची आई शबनम सतत सोबत आहे. परक्या देशात मुलाजवळ बसून असलेली आई कोणत्याही घरातल्या बाईला ओळखीची वाटेल. केमोने अन्न जात नाही, तोंडाची चव जाते, ओकाऱ्या येतात, केस गळतात. युवराजने आपल्या तुळतुळीत डोक्याचा फोटो स्वतःच लोकांपुढे ठेवला. आमच्या मते हे त्या सहा षटकारांपेक्षा मोठे काम. कारण आपल्याकडे हा आजार लपवला जातो. मुलीचे लग्न जमणार नाही, शेजारी येणार नाहीत, म्हणून टाटाला गेलेला माणूस 'गावाला गेलाय' असे सांगितले जाते. काही घरांत तर त्याची ताटवाटी, पेला वेगळा काढतात. कॅन्सर शिवल्याने होत नाही, उष्टे खाल्ल्याने होत नाही. आणि वेगळा पेला म्हणजे काय असते, हे आपल्या माणसांना नव्याने सांगायला हवे काय?

शेवटचे केमो मार्च २०१२ मध्ये संपले, एप्रिलमध्ये तो घरी आला, आणि ११ सप्टेंबरला चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध मैदानात उतरला. २६ चेंडूंत ३४ धावा केल्या. भारत एका धावेने हरला, तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. डिसेंबरात पुण्यात इंग्लंडविरुद्ध ३ बळी आणि ३८ धावा काढून तो सामनावीर ठरला. पुस्तक याच आनंदात संपते. आपण पुढचेही जाणतो. एप्रिल २०१४ मध्ये ढाक्याच्या अंतिम सामन्यात त्याला २१ चेंडूंत ११ धावाच करता आल्या, भारत हरला, आणि त्याच्या घरावर दगड पडल्याच्या बातम्या आल्या. टाळ्या वाजवून दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे संघात कधी आत, कधी बाहेर. १९ जानेवारी २०१७ ला कटकला त्याने इंग्लंडविरुद्ध १५० धावा केल्या, एकदिवसीय सामन्यांतली त्याची ही सर्वांत मोठी खेळी. त्याआधीचे त्याचे एकदिवसीय शतक कोणते? चेन्नईचे, ज्या दिवशी तो मैदानावर ओकला होता ते. मध्ये जवळजवळ सहा वर्षे गेली. १० जून २०१९ ला मुंबईत त्याने निवृत्ती जाहीर केली.

केमो संपवून कामावर परतणाऱ्या आपल्या माणसालाही पहिल्या दिवशी चहा पाजतात, आणि महिन्याभरात 'अजून दम लागतो का रे' म्हणून विचारतात. अंगात पूर्वीची ताकद यायला बरेच महिने लागतात. कामावर रुजू होताना डॉक्टरांकडून जे फिट सर्टिफिकेट घ्यावे लागते, त्यावर किती महिने हलके काम द्यावे हे स्पष्ट लिहून मागावे. नुसते 'फिट' एवढेच लिहिलेले असेल तर मुकादम पहिल्याच पाळीला पूर्वीचे काम हातात देतो.