सीमेपलीकडचा बाजार आणि घरचा कर

जर्मनीचे कॉन्स्टन्स आणि स्वित्झर्लंडचे क्रॉइट्सलिंगन ही दोन गावे एकमेकांस इतकी लागून आहेत की, मधली सरहद्द पायी ओलांडता येते. साहजिकच स्विस कुटुंबे पिशव्या घेऊन पलीकडच्या बाजारात जातात. अशा खरेदीवरील करमाफीची मर्यादा स्विस सरकारने 1 जानेवारी 2025 पासून माणशी दररोज 300 फ्रँकवरून 150 फ्रँकवर आणली. निर्णय न्याय्य आहे. परंतु त्यामुळे गिऱ्हाईक स्वदेशी परतेल, ही आशा भाबडी म्हणावी लागेल.

न्याय्य अशासाठी की, वस्तू जेथे वापरली जाते तेथे तिच्यावरील कर द्यावा, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. (आपला 2017 चा वस्तू व सेवा कर याच तत्त्वावर उभा आहे; मद्य त्याबाहेर राहिले, आणि गोव्याची बाटली महाराष्ट्राच्या नाक्यावर अजूनही तपासली जाते.) त्यानुसार जर्मनी आपला मूल्यवर्धित कर, सर्वसाधारण मालावर 19 आणि बहुतेक खाद्यपदार्थांवर 7 टक्के, परदेशी ग्राहकास परत करतो. 2020 पासून त्यासाठी खरेदी मात्र 50 युरोंहून अधिक असावी लागते. तो माल घरी नेताना स्वित्झर्लंडने आपला कर घ्यावयाचा. पण माल माफीच्या मर्यादेत बसला, की कोणत्याच तिजोरीत दमडी पडत नाही. मोटार बाळगणारा सुखवस्तू मनुष्य करमुक्त होतो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध-पाव घेणारी म्हातारी तेवढी कर भरते. हा अन्याय कमी झाला, संपला नाही. 50 युरो आणि 150 फ्रँक यांमधली खिंड उघडीच आहे.

आता हिशेब पाहू. जर्मन कर वजा जाता 300 फ्रँकांचा माल आणणाऱ्यास पूर्वी काहीच द्यावे लागत नसे. आता मर्यादा ओलांडल्यामुळे सगळ्याच रकमेवर 8.1 टक्क्यांनी 24 फ्रँक 30 सांतिम द्यावे लागतात; खाद्यपदार्थ असल्यास 2.6 टक्क्यांनी अवघे 7 फ्रँक 80. एवढ्यासाठी कोण घरी बसेल? खरी ओढ कराची नसून भावांची आहे. 15 जानेवारी 2015 रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे 1.20 फ्रँकची किमान मर्यादा सोडून दिली. फ्रँक एकाएकी वधारला आणि पलीकडचा बाजार एका दिवसात स्वस्त झाला. कराच्या दराला तेव्हा कोणी हातही लावला नव्हता.

मांसाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. माणशी एका किलोपर्यंत मोकळीक. त्यापुढे किलोमागे 17 फ्रँक जकात. ही जकात स्विस शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी आहे, आणि घरच्या बाजारातील चढे भावही बऱ्याच अंशी तिच्याच आडोशाने टिकून आहेत. 1 जानेवारी 2024 रोजी औद्योगिक मालावरील आयातशुल्क रद्द करणाऱ्या सरकारने शेतमालाच्या या भिंतीला मात्र हात लावलेला नाही.