तिकीट प्रेक्षकाचे, मतही प्रेक्षकाचे

व्यावसायिक खेळात खेळाडूंचा लिलाव होतो, प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी निविदा निघतात, जर्सीवर कोणाचे नाव झळकावे याचीही बोली लागते. ज्याच्या खिशातून हा सारा पैसा शेवटी निघतो त्या प्रेक्षकाला मात्र कोणी काही विचारत नाही. तिकीट तो काढतो, टीव्हीचे शुल्क तो भरतो, जाहिरातीतला साबण आणि टायरही तोच विकत घेतो. मग वर्षाचा हिशेब मांडण्याचा पहिला हक्कही त्याचाच. 2025 या वर्षाने क्रीडारसिकांना भरभरून दिले. पण त्याच वर्षातल्या एका संध्याकाळी काही घरांतला दिवा कायमचा विझला. हिशेबाची सुरुवात तिथूनच करायला हवी.

विजयाची घाई

3 जून 2025 रोजी अहमदाबादला बंगळुरूच्या संघाने पंजाबला 6 धावांनी हरवले आणि आयपीएलच्या अठराव्या हंगामात पहिल्यांदा करंडक उचलला. 2008 पासून एकाच संघाकडून खेळणाऱ्या विराट कोहलीच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा घरोघरी टीव्हीपुढे बसलेल्यांचेही डोळे पाणावले. इथपर्यंत सारे छान होते.

पण दुसऱ्याच दिवशी सत्कार ठरला. चिन्नास्वामी स्टेडियममध्ये सुमारे 35 हजार माणसे मावतात. बाहेर दोन ते तीन लाख लोक जमल्याचे खुद्द राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. आत जायला पास लागतो की नाही, कोणते दार उघडे आहे, हे धड कोणालाच ठाऊक नव्हते. दारांपाशी चेंगराचेंगरी झाली आणि 11 जणांचे प्राण गेले. त्यांत बहुतेक तरुण मुले-मुली होती. आतला समारंभ मात्र झालाच.

अठरा वर्षे वाट पाहिलेल्या चाहत्यांना आणखी चार दिवस थांबा म्हटले असते, तर कोणाचे काय बिघडले असते? आदल्या वर्षी, 4 जुलै 2024 रोजी, टी-20 विश्वविजेत्या संघाच्या स्वागताला मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर अशीच अलोट गर्दी झाली होती आणि काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले होते. तो इशारा होता. तो कोणी ऐकला नाही. नंतर चौकशा झाल्या, नियमावली आली. पण संघाचा शर्ट घालून घराबाहेर पडलेले मूल परत आले नाही, त्या घरात नियमावली घेऊन काय करायचे?

नवी मुंबईची ती रात्र

या दुर्घटनेनंतर महिला विश्वचषकाचे बंगळुरूचे सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले. साखळीत ओळीने तीन सामने हरलेल्या हरमनप्रीतच्या संघाकडून फार कोणाला आशा उरली नव्हती. पण 30 ऑक्टोबरच्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग यशस्वी झाला. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज 127 धावांवर नाबाद राहिली. 2 नोव्हेंबरला पावसामुळे अंतिम सामना उशिरा सुरू झाला, तरी लोक जागचे हलले नाहीत. मूळ संघात नाव नसलेली शफाली वर्मा 87 धावा काढते आणि वर दोन बळीही घेते, दीप्ती शर्मा अर्धशतकानंतर पाच बळी टिपते, आणि 52 धावांनी सामना जिंकला जातो! 2005 आणि 2017 च्या अंतिम सामन्यांतल्या पराभवांची सल त्या मध्यरात्री निघून गेली.

मुंबईकरांना आणखी एक समाधान मिळाले, ते प्रशिक्षक अमोल मुजुमदारचे. प्रथम श्रेणीत 11 हजारांहून अधिक धावा करूनही त्याला भारताची टोपी कधी मिळाली नाही. 1988 मध्ये शालेय सामन्यात सचिन आणि विनोद यांची 664 धावांची भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून बसून राहिला होता. त्याची ती प्रतीक्षा नवी मुंबईत संपली असे म्हणायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट आयोजकांनी नोंदवून ठेवावी. या स्पर्धेची तिकिटे 100 रुपयांपासून होती. आई, आजी आणि शाळकरी नात अशा तिघी मिळून सामना पाहू शकतील, असा हा दर. महिलांचे क्रिकेट पाहायला येते कोण, असे म्हणणाऱ्यांना त्या भरलेल्या बाकांनी परस्पर उत्तर दिले.

पाहुणा आला, घरचे उपाशी

फुटबॉलप्रेमींचे दुःख निराळे आहे. 13 डिसेंबर 2025 रोजी लिओनेल मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आला. हजारो रुपयांची तिकिटे काढून आलेल्यांना दिसल्या त्या त्याच्याभोवती कोंडाळे करणाऱ्या बड्या लोकांच्या पाठी. वीसेक मिनिटांत मेस्सी निघून गेला आणि खुर्च्या मैदानात येऊन पडल्या. मोडतोडीचे समर्थन कोणी करू नये. पण महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा तिकिटात घालवणाऱ्याचा संताप समजण्यासारखा आहे.

याहून मोठे दुःख असे की, त्याच महिन्याच्या 8 तारखेला इंडियन सुपर लीग चालवण्याचा 15 वर्षांचा करार संपला होता. नव्या निविदेला 7 नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी लीग डिसेंबर उजाडला तरी सुरू झालेली नव्हती आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही थांबवले होते. ऑक्टोबरात गोव्याच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गोवेकरांच्या डोळ्यांदेखत हे व्हावे, यासारखी नामुष्की नाही. अखेर आटोपशीर स्वरूपात का होईना, 2026 च्या फेब्रुवारीत लीग खेळवण्याचे ठरले. पाहुण्याला पंचपक्वान्ने जरूर वाढावीत, पण आधी घरची चूल पेटती ठेवावी!

कबड्डीच्या मुलींचे काय?

2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ मॅटवर, तिथून थेट दिवाणखान्यात आला. 2025 च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी गुजरातने 2 कोटींहून अधिक रक्कम मोजली. अंतिम सामन्यात पुणेरी पलटण दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनी हरली आणि पुण्यापासून सांगलीपर्यंतचे कबड्डीवाले हळहळले.

त्यानंतर महिना उलटायच्या आत, 24 नोव्हेंबरला, ढाक्यात भारतीय मुलींनी चिनी तैपेईला 35-28 असे हरवून विश्वचषक राखला. दुसऱ्या दिवशी किती घरांत त्यांची नावे घेतली गेली? पुरुषांच्या तोलाची व्यावसायिक लीग त्यांना अजून मिळालेली नाही. 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, ती तेवढ्यावरच राहिली. महिला क्रिकेटलाही 2023 मध्ये लीग मिळाली आणि पुढची कमाल नवी मुंबईत दिसली. कबड्डीतही हे घडू शकते. मुली तयार आहेत, पैसेवाल्यांनी तयार व्हायचे आहे.

जर्सीवरचे नाव

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे नाव उतरले आणि सप्टेंबरचा आशिया चषक संघ पुरस्कर्त्याविना खेळला. पुढे एका टायर कंपनीने 579 कोटी रुपयांना ती जागा घेतली. म्हणजे मंडळाचे काही अडले नाही! ज्या घरांतली मुले मोबाइलवर संघ लावता लावता कर्जात बुडाली, त्या घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. आता पानमसाल्याच्या कंपन्यांची ‘वेलची’ विकणाऱ्या नामवंतांनीही आरशात एकदा पाहावे. त्यांचे शतक ज्या मुलाला पाठ असते, त्याला त्यांची जाहिरातही पाठ होते.

क्रीडारसिकाच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. परवडेल असे तिकीट, प्यायला पाणी, बाहेर पडायला रुंद दार, वेळेवर लागणारे वेळापत्रक आणि सामना संपल्यावर धडधाकट घरी पोचण्याची खात्री. करंडक मिळाला नाही तर तो पुढच्या वर्षाची वाट पाहतो. वाट पाहणे त्याच्या अंगवळणी पडले आहे. त्याची वाट पाहत मात्र घरी कोणीतरी जागे असते, एवढे स्टेडियमच्या किल्ल्या हाती असणाऱ्यांनी विसरू नये.