थुंकी काचेवर की मशीनवर?

शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूची धूळ, इचलकरंजीत मागावरचा कापूस. आपल्या हातकणंगले तालुक्यात खोकला आला की ‘धूळ लागली’ म्हणायचं आणि महिनोन्‌महिने औषधाची बाटली चालवायची. वाळूच्या धुळीने फुप्फुस खराब झालेल्या माणसाला क्षय लवकर गाठतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवला. तेव्हापासून थुंकी काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण मिलिलिटरभर थुंकीत हजारो जंतू असल्याशिवाय ते तिथे सहसा दिसत नाहीत. म्हणजे ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून सुटलो, असं नाही.

गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट मशीन जंतूचा डीएनए शोधतं. ते बॅटरीवर चालतं, साधारण तासाभरात सांगतं. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही पुढच्या चाचणीत कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली.

शेजारच्या गोव्यात हे बनतं आणि आपण अजून बाटलीवर! दोन आठवडे खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात जा. तिथे क्षयाची तपासणी फुकट आहे; ‘काचेवर की मशीनवर?’ एवढं विचाराच. घरात सून खोकत असेल तर आधी तिला न्या. तिचंच दुखणं लपवलं जातं.