दख्खनी कोणाला म्हणावे?

स्थलांतरितांमुळे राष्ट्राची ओळख धोक्यात येते, असे मानणाऱ्यांनी मराठवाड्यातल्या परंड्याच्या भुईकोटाचा इतिहास तपासून पाहावा. कारण १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीची गादी याच परंड्यात पुन्हा उभी राहिली, आणि ती उभी करणारा मलिक अंबर हा आजच्या इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता.

त्याआधी बहमनी दरबारात दोन तट पडले होते: येथे पूर्वीपासून रुजलेले ते ‘दख्खनी’ आणि इराण, मध्य आशिया आदी मुलखांतून नव्याने आलेले ते ‘आफाकी’. परंड्याचा किल्ला परंपरेने ज्याच्या नावाशी जोडला जातो, तो वजीर महमूद गावान इराणच्या गिलान प्रांतातला, म्हणजे आफाकीच. दोन्ही तटांत पदे वाटून त्याने तोल राखण्याचा प्रयत्न केला; तरीही बनावट पत्राच्या आधारे १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, आणि त्यानंतर काही दशकांतच त्या राज्याची पाच शकले झाली.

हबशी मात्र दख्खन्यांच्या तटात गणले जात, ही बाब विशेष विचार करण्याजोगी आहे. रंग वेगळा, जन्मभूमी दूरची, तरीही अंबर दख्खनी ठरला, कारण त्याचे हितसंबंध या मातीत गुंतले होते: मराठा बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावर लढणारे स्वार, बरोबर घेऊन त्याने गनिमी काव्याने मोगलांना थोपवले, आणि जमिनीचा कस पाहून सारा ठरवणारी त्याची पद्धत ‘मलिकंबरी धारा’ या नावाने महसुलाच्या इतिहासात राहिली. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यावर असलेली आणि आता विजापुरात असलेली मलिक-ए-मैदान तोफही एका रूमी, म्हणजे तुर्की मुलखातून आलेल्या कारागिराची. ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसनचे नाव तिच्यावर कोरलेले आहे.

परंडा पुढे ज्यात गेला, त्या हैदराबाद संस्थानाने ‘मुल्की’, म्हणजे स्थानिक कोण हे ठरवणारे नियम केले, ज्यांत बाहेरून आलेल्यालाही सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र पुरेसे धरले जाई. स्थानिकांच्या रोजगाराचे रक्षण हा त्यामागचा हेतू रास्त होता, आणि तो आजही रास्तच आहे. पण त्या नियमांतही परक्याला आपले होण्याची वाट खुली होती, याकडे आजच्या भूमिपुत्रवादाचे लक्ष जात नाही.

आज परंड्याच्या परिसरातलीच माणसे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेला ‘कोयता’, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपे, हंगामभर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीत राहतो. मुलांची शाळा बुडते आणि हंगामात निवडणूक आली तर मतदानासाठी गावी परतावे लागते. या जोडप्यासाठी फडाजवळची शाळा आणि दवाखाना मागणाऱ्या मराठी समाजाने पुण्यात बांधकामावर राबणाऱ्या बिहारी गवंड्यासाठीही हेच मागितले पाहिजे, आणि त्याच्या मुलांना मराठी शाळेत आपुलकीने बसवून घेतले पाहिजे.