कीबोर्ड मोडला, खेळाची पेटी झाली



उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी एक भांडण झाले. मुलांच्या अभ्यासासाठी भाऊजींनी जुना कॉम्प्युटर घेतला होता. भाऊजी सुतारकाम करतात, रोजंदारीतून पैसे साठवून त्यांनी तो आणला. सुटीत भाचा-भाची दोघे त्यावर खेळायला बसत. एके दिवशी कीबोर्डची दोन-तीन बटणे कायमची बसली. भाऊजी चिडले. कीबोर्ड मोडला दोघांनी, पण बोलणी खाल्ली भाचीने. आजी म्हणाली, "पोरीला कशाला हवेत असले खेळ?" भाचीने दोन दिवस मशीनकडे पाहिले नाही.

मी गेलो तेव्हा कीबोर्ड पुढे ओढला आणि मुलांना विचारले, "खेळताना कोण कुठे बोटे ठेवते?" तिथेच सारा उलगडा झाला.

मुले जे खेळ खेळत होती ते पूर्वी नाणे टाकून खेळायच्या उभ्या मशीनवर असत. जपानमध्ये १९७८ साली 'स्पेस इनव्हेडर्स' आला, १९८० साली 'पॅकमॅन' आला. अशा मशीनवर सहसा एक दांडी आणि दोन-चार मोठी बटणे असत. मुलांनी दणके दिले तरी ती टिकत. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' नावाचा प्रोग्राम काढला. त्यामुळे ते खेळ घरच्या कॉम्प्युटरवर चालू लागले. मात्र खेळांवर मालकांचे हक्क असतात. काही जुने खेळ मालकांच्या परवानगीने 'मेम'च्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, तेवढेच घ्यावेत.

'मेम'मध्ये पहिला खेळाडू बाणाच्या कळा वापरतो. दुसऱ्याला आर, एफ, डी, जी या कळा. म्हणजे दोन पोरे, चार हात, आणि टायपिंगसाठी केलेला एवढासा कीबोर्ड! शिवाय साध्या कीबोर्डमध्ये कळांच्या तारा आडव्या-उभ्या जाळीत गुंफलेल्या असतात. तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी कळ त्याला कळतच नाही. मग मूल आणखी जोरात दाबते. कीबोर्ड मोडला तो असा. मस्ती थोडी, अडचण जास्त.

यावर उपाय म्हणजे खेळासाठी वेगळी पेटी करायची. अभ्यासाचा कीबोर्ड अभ्यासाला.

भाऊजी म्हणाले, "दादा, कॉम्प्युटरचे काम आपल्याला कुठे येते?" मी म्हटले, "निम्मे काम सुताराचेच आहे." आणि ते खरेच तसे होते.

पेटीसाठी त्यांनी कामावरून उरलेला १२ मिलिमीटरचा प्लाय घेतला. दोघांना बसता यावे म्हणून लांबी ६५ सेंटिमीटर, रुंदी २५. दांडीचा खालचा भाग आत राहतो, म्हणून उंची ८ सेंटिमीटर ठेवली. बटणांची जागा ठरवायला मुलांचे पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवले. बोटांची टोके जिथे आली तिथे खूण केली. नटाने आवळायच्या बटणांना साधारण २८ मिलिमीटरचे भोक लागते. पण बटण आधी आणावे, मोजावे, मगच ड्रिलला होल सॉ लावावा. तुकड्यावर एक भोक पाडून पाहावे. शेवटी कडा पॉलिश पेपरने घासाव्यात.

आता आतले काम. बटण दाबले की खालचा छोटा मायक्रोस्विच दोन तारा जोडतो. दांडीखाली असे चार स्विच असतात, प्रत्येक दिशेला एक. स्विचला तीन पाय असतात. त्यांतला 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' हे दोनच वापरायचे. तिसऱ्याला तार लावली तर बटण न दाबताच दाबलेले दिसते.

हे स्विच कॉम्प्युटरला समजावेत म्हणून मध्ये एक छोटा बोर्ड लागतो. आम्ही आर्डुइनो लिओनार्डो घेतला. यूएसबीला लावल्यावर तो स्वतःला कीबोर्ड म्हणवू शकतो. त्याच कंपनीचा जुना उनो थेट तसे करू शकत नाही, म्हणून दुकानात नाव नीट सांगावे. लिओनार्डोवर तारा लावायला २० जागा असतात. आम्हाला १८ लागल्या: दोन दांड्यांच्या आठ, प्रत्येकाच्या तीन बटणांप्रमाणे सहा, आणि नाणे व सुरुवात यांची चार. सगळ्या 'कॉमन' पायांना एकच तार माळेसारखी फिरवून बोर्डाच्या ग्राउंडला जोडली. प्रत्येक स्विचला स्वतंत्र जागा असल्याने तीन-चार बटणे एकदम दाबली तरी एकही चुकत नाही.

प्रोग्राम भाचीने लिहिला. ती आठवीत आहे. एका जागेचा लिहिला की बाकीचे त्याच नमुन्याचे. अमुक जागा ग्राउंडला टेकली तर अमुक कळ दाब, सुटली तर सोड. एक बारकी गोष्ट होती. स्विच टेकताना क्षणभर थरथरतो आणि एकाच्या जागी दोन-तीन दाब मोजले जातात. म्हणून हजारातले पाच भाग सेकंद थांबून पुन्हा पाहायचे.

संध्याकाळी पेटी जोडली. भाच्याने दांडी डावीकडे ढकलली, पडद्यावरचा माणूस उजवीकडे गेला! वर ढकलली, खाली गेला! आजी हसली. भाऊजींचा चेहरा पडला. त्यांना वाटले, आपणच कुठेतरी चुकलो.

भाचीने पेटी उलटी केली, दांडी हळूहळू हलवून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, वरचे टोक डावीकडे गेले की खालचे उजवीकडे जाते." भाऊजींना लगेच उमगले. "अगं, पहारीसारखे! मधे टेकू असला की एक टोक खाली, दुसरे वर." म्हणजे डावीकडे ढकलले की उजवीकडचा स्विच दाबला जातो. तारा सोडायचीही गरज पडली नाही. भाचीने प्रोग्राममध्ये दिशांची नावे अदलाबदल केली आणि पेटी सरळ चालू लागली.

मुलीला कॉम्प्युटर येतो, बापाला लाकूड येते. दोष सापडला तो दोघांचे ज्ञान एकत्र आले तेव्हा. त्या दिवसापासून भाऊजी मशीनपुढे बिचकत नाहीत. आजीही आता म्हणते, "तिलाच विचारा."

ही पेटी करणाऱ्यांसाठी चार शब्द. यूएसबीच्या तारेत फक्त ५ व्होल्ट असतात, तिला मुलांनी हात लावायला हरकत नाही. पण घरच्या लाइनची वायर किंवा मॉनिटर मुलांनी उघडू नये. सोल्डरिंग करायचे तर खिडकी उघडी ठेवून, मोठ्यांच्या देखत करावे. नाहीतर दाबून बसणाऱ्या क्लिपा वापराव्यात. सगळे एकदम जोडू नका. एक बटण जोडा, तपासा, मग दुसरे. खेळाची वेळही ठरवून द्या. बहिणीच्या घरी रोज एक तास, तोही गृहपाठ झाल्यावर.

आणि घरात ज्या मुलाला किंवा मुलीला "हात लावू नकोस" म्हणून दटावले असेल, स्क्रूड्रायव्हर आधी तिच्याच हातात द्या.