न हरण्याची विद्या



अश्दोदच्या एका वाचक भगिनींचे पत्र ह्या खेपेस आमच्या हाती आले आहे. त्या लिहितात : "माझा नातू बारा वर्षांचा. दिवसभर हातात ते खेळाचे यंत्र घेऊन राक्षसांच्या झुंजी लावतो, दर खेपेस हरतो आणि मग जेवावयासही येत नाही. यंत्र काढून घ्यावे तर घरात रडारड. आपण ह्या सदरात मुलांविषयी लिहिता, तर काही उपाय सुचवावा."

पत्र वाचून आम्हांस हसू आले, कारण अगदी हाच प्रसंग आमच्या घरी घडून गेला आहे. आम्ही यंत्र काढून घेतले नाही. आम्ही वही काढली. ती हकीकत आज सांगतो. ती सांगण्यासाठी त्या खेळाची थोडी ओळख करून देणे भाग आहे. ज्या आजी-आजोबांस "हे आपल्यासाठी नाही" असे वाटेल, त्यांनी कृपा करून पान उलटू नये.

2025 च्या जून महिन्यात इराणशी बारा दिवसांचे युद्ध झाले, ते आपणांस सांगावयास नको. आमची इमारत जुनी, तीत ममाद नाही. म्हणून आम्ही उभयता मुलीच्या घरी राहावयास गेलो. मुलगाही सहकुटुंब तेथेच आला. सायरन झाला की त्या एवढ्याशा खोलीत नऊ माणसे. तीत मुलीचा बारा वर्षांचा मुलगा आणि मुलाचा पंधरा वर्षांचा, असे दोघे भाऊ समोरासमोर यंत्रे घेऊन बसलेले. दर सामन्यात धाकटा हरे. चौथ्या दिवशी त्याने यंत्र गादीवर फेकले आणि म्हणाला, "सबा, मला डोकेच नाही." बाहेरच्या आवाजापेक्षा हे वाक्य आम्हांस अधिक लागले. आम्ही म्हटले, "डोके आहे की नाही ते मागाहून पाहू. आधी हा खेळ काय आहे तो आम्हांस समजावून सांग."

खेळाचे नाव पोकेमॉन. जपानात 27 फेब्रुवारी 1996 रोजी तो प्रथम विक्रीस आला. सातोशी ताजिरी ह्या गृहस्थांस लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता, त्यातून ही कल्पना निघाली. आमच्या नातवाकडे आहे तो 2022 साली निघालेला 'स्कार्लेट' हा भाग. प्रत्येक खेळाडू सहा प्राण्यांची तुकडी बांधतो, आणि प्रत्येक प्राण्यास फक्त चार डाव शिकविता येतात. दोघेही आपापला डाव एकाच वेळी ठरवितात. ज्याचा प्राणी चपळ त्याचा वार सहसा आधी पडतो. वार न करता प्राणी माघारी घेऊन दुसरा पुढे आणता येतो, पण त्यात एक पाळी खर्ची पडते. शिवाय प्रत्येक प्राण्यास तालमीचे 510 गुण वाटून देता येतात, आणि कोणत्याही एका अंगात, म्हणजे प्राणबळ, हल्ला, बचाव किंवा चपळाई ह्यांपैकी एकात, 252 हून अधिक घालता येत नाहीत. तात्पर्य, सर्व काही एकास मिळत नाही. आम्ही जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या. ही गोष्ट आम्हांस तत्काळ पटली.

धाकट्याची तुकडी पाहिली. सहाच्या सहा प्राणी मारकुटे, सर्वांचे गुण हल्ल्यात आणि चपळाईत घातलेले. आम्ही विचारले, "हे का निवडलेस?" तो म्हणाला, "मला आवडतात म्हणून." थोरल्याचे प्राणी त्याहून चपळ होते. तो आधी मारी, हा आधी पडे. बस्स, एवढाच त्या पराभवांचा इतिहास होता.

तेव्हा आम्ही वहीत एक तक्ता आखला. ह्या खेळात प्राण्यांचे आणि वारांचे अठरा प्रकार आहेत. नातवाने ते पडद्यावर इंग्रजीत वाचावे, हिब्रूत समजावावे आणि आम्ही मराठीत लिहावे : साधा, अग्नी, पाणी, वीज, गवत, बर्फ, मल्ल, विष, जमीन, उडता, मन, किडा, खडक, भूत, ड्रॅगन, काळोख, पोलाद, परी. हे अठरा उभे लिहिले आणि आडवे सहा प्राणी. प्रत्येक घरात एकच प्रश्न : हा वार ह्या प्राण्यावर पडला, तर तो दुपटीने लागतो, निम्म्याने लागतो, की मुळीच लागत नाही? बचावाची तुकडी बांधण्यास आरंभ येथून होतो. कोणता प्राणी आवडतो हा प्रश्न मागाहूनचा. कोणता वार कोण झेलील, हा पहिला.

सर्व वार झेलील असा एकही प्राणी ह्या खेळात नाही. म्हणून बचाव हा एकट्याचा नसतो, जोडीचा असतो. ह्याचे जुने उदाहरण म्हणजे 1999 सालच्या भागात आलेली स्कारमोरी आणि ब्लिसी ही जोडी. स्कारमोरी हा पोलादी पक्षी. त्याच्या अंगावर शारीरिक घाव बसत नाहीत म्हटले तरी चालेल. जमिनीचा वार आणि विष तर त्यास लागतच नाही. परंतु अग्नी आणि वीज ह्यांपुढे तो दुबळा. ब्लिसी ही गुलाबी, गोल, दाईसारखी दिसणारी. तिचे मूळ प्राणबळ 255, पण शारीरिक बचाव अवघा 10! कोणी ठोसा मारला की ती कोसळते. मात्र आग, वीज, बर्फ असले दुरून येणारे वार ती सहज पचविते. आता पाहा : शत्रूने आग ओकली तर ब्लिसी पुढे यावी, ठोसा उगारला तर स्कारमोरी. एकीचे जे मरण ते दुसरीचे जेवण. आपल्यापैकी ज्यांचे बालपण अलिबागेस गेले, त्यांस कुलाब्याचा किल्ला आठवत असेल. भरतीच्या वेळी त्यास समुद्र राखी. ओहोटीस मात्र माणूस पायी चालत दरवाजाशी जाई, तेव्हा तट आणि तोफा हव्यात. स्कारमोरीची ओहोटी ती ब्लिसीची भरती, असे आम्ही नातवास सांगितले. त्यास किल्ला ठाऊक नाही, पण समुद्र ठाऊक आहे, त्यास कळले.

ह्या दोघींस जोड म्हणून विषारी काटेरी टॉक्सापेक्स आणि डॉन्डोझो नावाचा प्रचंड मासा आला. तक्ता भरता भरता नातू थांबला. 'वीज' ह्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "सबा, स्कारमोरीला दुपटीने, टॉक्सापेक्सला दुपटीने, डॉन्डोझोला दुपटीने! तिघांना एकच वार!" हे छिद्र त्याने स्वतः शोधले. वीज लागतच नाही असा प्रकार एकच, जमीन. म्हणून क्लोड्सायर हा चिखलातला प्राणी तुकडीत आला. तो पाचवा. सहावा मात्र आम्ही मुद्दाम मारकुटा ठेवविला, गार्चॉम्प. त्याचे कारण पुढे येते.

आता पुष्कळांस वाटते की बचाव म्हणजे मार खात बसणे. नातवासही तसेच वाटे. पण नुसते झेलणारा शेवटी हरतोच. चांगला बचाव दोन कामे करतो : आपले रक्त भरून काढतो आणि शत्रूचे थेंबाथेंबाने गाळतो. पहिल्या कामासाठी अर्धे प्राणबळ परत देणारे डाव आहेत, तसेच 'लेफ्टओव्हर्स' नावाची शिदोरी आहे, जी दर पाळीस सोळावा हिस्सा भरून देते. दुसऱ्या कामासाठी शत्रूच्या अंगणात टोकदार दगड आणि काटे पेरून ठेवता येतात. जो प्राणी मैदानात येईल त्यास ते बोचतात. दगडांचा साधा दंड आठवा हिस्सा. परंतु थोरल्याचा लाडका चॅरिझार्ड हा अग्नीचाही आणि उडताही असल्याने, त्याचे पाऊल पडताच अर्धे प्राण जातात.

तिसरे शस्त्र जहाल विषाचे. ते पहिल्या पाळीस सोळावा हिस्सा घेते, दुसरीस दोन हिस्से, तिसरीस तीन. नातवाने बोटांवर बेरीज केली : एक, तीन, सहा, दहा, पंधरा. पाच पाळ्यांत सोळांपैकी पंधरा हिस्से गेले. उपचार न झाल्यास सहावीस प्राणी पडतो. प्राणी माघारी नेला तर विषाची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते खरी, पण परत येताना दगड वाट पाहत असतात. राहावे तर विष, जावे तर दगड. धाकटा ह्यावर इतका मोठ्याने हसला की त्याच्या आईने दटावले.

थोरलाही मुका बसणारा नव्हता. भिंत पाडण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत, आणि तुकडी बांधताना प्रत्येकीस उत्तर तयार हवे. एक, 'टॉन्ट' म्हणजे डिवचणे : डिवचलेला प्राणी तीन पाळ्या केवळ वार करू शकतो, औषध घेऊ शकत नाही. दुसरी, 'स्वोर्ड्स डान्स' : एकदा नाचला की शारीरिक हल्ल्याचे बळ दुप्पट. ह्यावर डॉन्डोझो हे उत्तर आहे. त्याच्यात असा स्वभावगुण आहे की समोरच्याने वाढविलेले बळ तो जमेसच धरीत नाही. तिसरी युक्ती जाड बुटांची. ते घातले की दगड-काटे बोचत नाहीत. चौथी सर्वांत अवघड, आणि ती ह्याच भागात आली : सामन्यात एकदा प्रत्येक खेळाडूस आपल्या एका प्राण्याचा प्रकारच बदलता येतो. अशा वेळी वहीतला तक्ता कोलमडतो. म्हणून शत्रूने तो हुकमाचा पत्ता टाकेपर्यंत आपला शेवटचा धडधाकट प्राणी पणास लावू नये.

बचाव अमर्यादही नाही. प्रत्येक डाव मोजक्या वेळाच वापरता येतो, आणि 2022 च्या भागात खेळाच्या कर्त्यांनी प्राण भरून देणाऱ्या बहुतेक डावांची मर्यादा दहावरून पाचावर आणली. वाढवून वाढविली तरी आठ. औषध संपले की भिंत ढासळते. गार्चॉम्प तुकडीत का, ह्याचे उत्तर हेच : शत्रू खिळखिळा झाला की सामना संपविणारा कोणीतरी हवा.

मोठ्या अधिकृत स्पर्धांत पद्धत वेगळी असते. तेथे सहांतून चार निवडून दोन-दोन प्राणी एकदम लढवितात, आणि घड्याळही चालू असते; त्यामुळे नुसती रेंगाळणारी तुकडी तेथे टिकत नाही. पण बचावाचे मोल तेथेही आहे. 2014 साली वॉशिंग्टन येथे भरलेली जागतिक स्पर्धा दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क ह्यांनी जिंकली, ती पाचिरिसू नावाच्या चिमुकल्या विजेच्या खारीस सोबत घेऊन. बलाढ्य प्राण्यांच्या त्या मेळ्यात ह्या खारीस कोणी विचारीत नसे. तिचे काम एकच : शत्रूचे वार स्वतःकडे ओढून घ्यावयाचे, म्हणजे शेजारचा मोठा जोडीदार निर्धास्तपणे लढेल. आम्ही ही हकीकत सांगितली नाही. नातवानेच आम्हांस सांगितली, आणि सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

दहाव्या दिवशी दोघांचा सामना झाला. चॅरिझार्ड आला आणि दगडांवर अर्धा झाला. सामना इतका लांबला की मोठी माणसेही पाहू लागली. शेवटी थोरल्याने ब्लिसीस डिवचून तिचे औषध तोडले, आणि धाकटा हरला. पण समोर थोरल्याचा एकच प्राणी, तोही मरणोन्मुख, उभा होता. आम्ही गादीकडे पाहिले. यंत्र फेकले गेले नाही. धाकटा म्हणाला, "सबा, वही द्या. टॉन्टची ओळ आपण लिहिलीच नव्हती." आणि थोरला सरकून त्याच्या शेजारी बसला व आपण कसे डिवचले ते दाखवू लागला.

अश्दोदच्या भगिनींस आमचे सांगणे एवढेच की यंत्र काढून घेऊ नका. नातवाशेजारी बसा आणि त्यास तीन प्रश्न विचारा. तुझ्या सहांपैकी कोणता वार कोणीच झेलू शकत नाही? जखम कोण भरून काढतो? आणि शेवटी सामना संपवितो कोण? उत्तरे आपणांस कळली नाहीत तरी चालेल. त्याला कळू लागतील. आपणांस काय मिळेल, असे विचाराल तर आमच्या पदरात पडले ते सांगतो. तो तक्ता देवनागरीत लिहिला होता. धाकट्यास आमची अक्षरे वाचता येत नसत. युद्ध संपून आम्ही घरी निघालो तेव्हा त्याने वही ठेवून घेतली, आणि पुढल्या आठवड्यात दूरध्वनीवर अठराच्या अठरा नावे वरून खाली वाचून दाखविली. 'मल्ल' म्हणताना अडखळला; बाकी सतरा बरोबर.

हल्ली तो कधी जिंकतो, कधी हरतो. जेवावयास मात्र वेळेवर येतो.